घेत नाहीये!

घरातल्या कॉम्प्युटरकडून "अरे, हा घेत नाहीये!" अशी हाक आली की माणसं हातातलं काम टाकून धावतात. गिझर बंद पडला तर इलेक्ट्रिशियनला फोन जातो, नळ गळायला लागला तर प्लंबरची आठवण होते. पेनड्राइव्हसाठी मात्र बाहेरच्या माणसाला बोलवायची पद्धत नाही. त्या विषयातला जाणकार प्रत्येक घरात असतोच. घर मोठं असेल तर तिन्ही पिढ्यांचे असतात आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

लक्षणं साधारण सारखीच. पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर 'टुडुंग' करून दखल घेतो. ड्राइव्ह उघडतो. आत जुने फोटो दिसतात, कधीकाळचं वीजबिल दिसतं, कोणाचा तरी दहावीचा प्रोजेक्ट दिसतो. नवी फाइल मात्र आत जात नाही. मानपानावरून रुसलेला व्याही पंगतीला येऊन बसतो, चारचौघांशी बोलतो, पण पानाला हात लावत नाही, त्यातलाच प्रकार.

पहिला उपचार फुंकर. हा आजोबांच्या अखत्यारीतला. दुसरा उपचार खोडरबर, तो वडिलांचा. सोनेरी पट्ट्यांवर रबर घासायचं, बनियनला पुसायचं आणि "आता लाव" म्हणायचं. तिसऱ्या पिढीचा उपचार म्हणजे रिफ्रेश. राइट क्लिक, रिफ्रेश, राइट क्लिक, रिफ्रेश. भारतात कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाच्या बोटांना ही सवय कोणी लावली, याचा शोध घ्यायला हवा. रिफ्रेशने होतं इतकंच, की समोरची यादी पुसून पुन्हा काढली जाते. बिघाड असेल तर तोही पुन्हा नीट दिसतो.

फुंकर आणि खोडरबर यांच्या बाबतीत एक साधा विचार करता येतो. यूएसबी २.० च्या पेनड्राइव्हला चार पट्ट्या असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीच्या ये-जा करण्यासाठी. वाचायची तार वेगळी आणि लिहायची वेगळी असं त्यात नसतं, त्याच जोडीवरून दोन्ही चालतं. तेव्हा आतले फोटो उघडत असतील तर पट्ट्या ठणठणीत आहेत आणि फुंकरीतून फक्त ओलावा आत जातोय. पण हे आजोबांना कोण सांगणार? त्यांनी फुंकर मारल्यावर एकदा चाललेलं असतं, आणि आपल्याकडे एकदा चाललं की परंपरा सुरू होते.

आता तो पेनड्राइव्ह लावण्याचा सोहळा. सरळ लावला, जात नाही. उलटा केला, जात नाही. पुन्हा सरळ केला की जातो. याबद्दल जगभर विनोद झाले. यूएसबी ज्या मंडळींनी घडवली त्यांत इंटेलमधले अजय भट्ट प्रमुख. आपल्या बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर झालेले. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मधली. दोन्ही बाजूंनी जाणारा प्लग तेव्हाच करता आला असता, पण तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्च वाढला असता, असं त्यांनीच पुढे सांगितलं. बडोदेकराने काटकसर केली म्हणून कोणी नाक मुरडायचं कारण नाही. महाग झाली असती तर ती वस्तू आपल्या ड्रॉवरपर्यंत पोचलीच नसती.

या सगळ्या धावपळीत एक काम कोणी करत नाही. स्क्रीनवर आलेली पाटी कोणी वाचत नाही. ती चौकट येते, आत सरळ एक वाक्य असतं, खाली ओकेचं बटण असतं, आणि वाक्य डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत ओके दाबलेलं असतं. "काय लिहिलं होतं रे?" "काहीतरी एरर होता." पाटी इंग्रजीत असते, ही सबब खरी नाही. 'गेटसमोर गाडी लावू नये' हे पुण्यात शुद्ध मराठीत लिहिलेलं असतं, आणि त्या अक्षरांना टेकूनच गाडी लावलेली असते.

खरं म्हणजे पेनड्राइव्ह 'नाही' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कारणही सांगतो. नकाराचं कारण सांगणारी यंत्रणा आपल्या आयुष्यात दुसरी कोणती आहे?

लग्नाच्या शूटिंगचंच घ्या. ३२ जीबीचा कोराकरकरीत पेनड्राइव्ह आणलेला असतो. कॉम्प्युटरवर तो जेमतेम २९ आणि वर काही जीबी दिसतो. इथे पहिला संशय दुकानदारावर. त्याने दोन जीबी मारलेले नसतात. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक. मग सहा जीबीची व्हिडिओ फाइल त्यात टाकायला घेतात. पाटी येते, 'या ड्राइव्हच्या फाइल सिस्टिमसाठी फाइल फार मोठी आहे'. ओके. "अरे, एकोणतीस जीबी मोकळे आहेत ना? सहा कसे मावत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. वधूपिता हॉल बघायला जातो तेव्हाही असंच होतं, जागा भरपूर असते, पण नियम आडवे येतात.

नियम असा. या आकाराचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ नावाच्या मांडणीत येतात. या मांडणीत प्रत्येक फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचा रकाना ठेवलाय. त्या रकान्यात मोठ्यात मोठा आकडा लिहिता येतो तो ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. त्याहून मोठी फाइल आली की कारकून वही मिटतो. यात त्याची चूक नाही. फॅट३२ आली १९९६ साली. तेव्हा अख्ख्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क एक-दोन जीबीची असली तरी मालक शेजाऱ्यांना बोलवून दाखवायचा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा सोहळा ड्रोनसकट एका फाइलमध्ये येईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नात येणार?

इलाज आहे. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा. ही मांडणी २००६ ची, तिच्यात चार जीबीची अट नाही. पण तसं केलं की जुना टीव्ही किंवा गाडीतला स्टिरिओ तिला ओळख दाखवत नाही, आणि तिथे वेगळी हाक सुरू होते, "अहो, हा दाखवतच नाहीये!" म्हणून आमच्या ओळखीतले एक व्हिडिओवाले मूळ फाइलचेच तुकडे करून देतात. हळद एक, सीमांतपूजन दोन, मंगलाष्टका तीन. जेवणावळीचं शूटिंग ते शेवटच्या तुकड्यात टाकतात, कारण तो तुकडा कोणीच बघत नाही.

विंडोजची ती फॉरमॅटची छोटी चौकट आठवते ना? वर आकार, मग फाइल सिस्टिम, खाली 'क्विक फॉरमॅट'ची खूण. ती डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने १९९४ च्या अखेरीस एका पावसाळी गुरुवारी सकाळी बसून केली, असं त्यानेच २०२४ मध्ये सांगितलं. चांगली चौकट येईपर्यंत काम भागावं म्हणून केलेली तात्पुरती सोय. चांगली चौकट तीस वर्षांत आली नाही. फॅटचा ड्राइव्ह ३२ जीबीपेक्षा मोठा फॉरमॅट करता येणार नाही, ही मर्यादाही त्याच सकाळी त्याने आपल्या अंदाजाने ठरवली. आपल्याकडचा 'तात्पुरता' पूल, 'तात्पुरती' शेड आणि 'हंगामी' प्राचार्य पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. अमेरिकेतही असंच चालतं, याचं समाधान मात्र वाटतं.

आता सरकारी फायलीकडे वळू. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा पेनड्राइव्ह इतर सगळं घ्यायचा, पण त्यांनी नाव दिलेली फाइल घेत नसे. नाव असायचं 'जा.क्र./१२/२०२३-२४/दि.: ५/६'. आयुष्यभर जावक रजिस्टर लिहिलेला हात, त्याला तिरकी रेघ आणि कोलन यांच्याशिवाय कागद पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही. विंडोजला नेमकं हेच चालत नाही. तिरकी रेघ म्हणजे फोल्डर, कोलन म्हणजे ड्राइव्ह, असा तिचा समज. प्रश्नचिन्ह आणि तारकाही वर्ज्य. या माणसाला पेनड्राइव्ह बदलून दिला तरी काय फरक पडणार? त्यांनी 'जावक १२' असं नाव द्यावं, असं सुचवून पाहिलं. "पण मग ते अधिकृत कसं वाटेल?" असं ते म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परदेशातून भाचा आला की आणखी एक तऱ्हा होते. त्याच्याकडे मॅक असतो. पेनड्राइव्ह एनटीएफएस नावाच्या मांडणीत फॉरमॅट केलेला असेल तर मॅक तो वाचतो, पण त्यावर एक अक्षरही लिहीत नाही. भाचा म्हणतो, "मामा, तुमचा ड्राइव्ह खराब आहे." मामा म्हणतो, "इथे व्यवस्थित चालतो, तुझ्याच दीड लाखाच्या यंत्रात काहीतरी आहे." या एका वादात तरी मामाची बाजू वरचढ असते. उलट बाजूही ऐका. मॅकवरून पेनड्राइव्हमधले फोटो पुसले की ते त्याच पेनड्राइव्हवरच्या दडवलेल्या कचरापेटीत जाऊन बसतात. कचरा रिकामा केला नाही तर जागा सुटत नाही. भाचा परत जातो, पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, आणि नवं काही घालायला गेलं की म्हणतो, जागा नाही.

रिकामा दिसूनही भरलेला असण्याचं देशी कारण वेगळं आहे. ते झेरॉक्सच्या दुकानात मिळतं. त्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या तोंडाशी दिवसभरात गावातले सगळे पेनड्राइव्ह लागून जातात. आधार कार्ड, सातबारा, बायोडेटा, लग्नपत्रिका, सत्यनारायणाचं आमंत्रण. एकाचा रोग सगळ्यांना. तिथून घरी आणलेला पेनड्राइव्ह उघडला की प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट दिसतो, कोपऱ्यात छोटा बाण असलेला. मूळ फोल्डर कुठे गेले नसतात. व्हायरसने त्यांना हिडन आणि सिस्टिम असे शिक्के मारून पडद्याआड उभं केलेलं असतं. शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरलाही लागतो. हे शिक्के 'अ‍ॅट्रिब' नावाच्या एका ओळीच्या आज्ञेने निघतात, आधी अँटीव्हायरस फिरवून घ्यायचा एवढंच. पण दुकानदाराचा संवाद ठरलेला असतो.

"काका, तुमचा पेनड्राइव्ह खराब आहे."

"अहो, सकाळपर्यंत चालत होता."

"सकाळपर्यंत सगळेच चालतात."

कचेऱ्या आणि बँका यांबद्दल थोडक्यात. तिथे पेनड्राइव्ह घेत नसेल तर तो बिघाड नसतो, ते धोरण असतं. आयटी विभागाने लिहिणं बंद केलेलं असतं. तिथे रबर घासू नये.

'राइट प्रोटेक्टेड' ही पाटी मात्र घरोघरी धडकी भरवते. इथे आजोबांचा एक मुद्दा मान्य करायला हवा. "कुठे तरी खिटी असेल बघ," असं ते म्हणतात आणि तरुण मंडळी हसतात. खिटी खरोखर असते. फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकणारी खिटी होती, भोक उघडं दिसलं की लिहिणं बंद. काही पेनड्राइव्हना बाजूला तसंच बारीक बटण असतं, आणि कॅमेऱ्याच्या मोठ्या एसडी कार्डाला तर असतंच. पिशवीत किल्ल्यांना घासून ते सरकतं. गंमत म्हणजे एसडी कार्डाला स्वतःला या खिटीचा पत्ता नसतो. ती कुठे आहे हे फक्त कार्ड रीडर चाचपून बघतो. खिटी तुटून पडली तर त्या खाचेवर सेलोटेप लावली की काम होतं. हे ऐकल्यावर आजोबांचा चेहरा बघण्यासारखा होतो. कॅसेटवरची अभंगांची टेप कोणी पुसू नये म्हणून त्यांनी मागची टिकली मोडलेली असते आणि नंतर त्यावर पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरल्यावर तिथे सेलोटेपच लावलेली असते.

बटण नसेल तर घरातला तरुण तज्ज्ञ काळी खिडकी उघडतो. डिस्कपार्ट. खोलीत शांतता पसरते. 'लिस्ट डिस्क' टाइप होतं. खाली दोन ओळी येतात, डिस्क ० आणि डिस्क १. एकीपुढे मोठा आकडा, दुसरीपुढे लहान. या क्षणी माणसाने आकारांवर नजर टाकायची असते, कारण पुढची आज्ञा ज्या डिस्कवर जाईल तिचं पुढे काय होईल ते डिस्कपार्ट विचारत बसत नाही. 'सिलेक्ट डिस्क १'. मग 'अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली'. इथवर ठीक. एखाद्या सॉफ्टवेअरने किंवा सेटिंगने कुलूप लावलं असेल तर ते यात निघतं. पण कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेलं 'क्लीन' हे त्यापुढचं पाऊल. नाव किती सोज्वळ! जणू फडकं मारणार आहे. प्रत्यक्षात ते विभागणीचा कागदच फाडून टाकतं. आणि मागे उभी असलेली आई तेवढ्यात विचारते, "त्यात बारशाचे फोटो होते ना रे?"

इतकं करूनही कुलूप निघालं नाही, फॉरमॅटही 'पूर्ण करता आलं नाही' म्हणाला, तर मग समजावं की वय झालं. फ्लॅश मेमरीचे जनक फुजिओ मासुओका, तोशिबातले. पेनड्राइव्हमध्ये असते त्या नँड जातीची मेमरी त्यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडली. तिच्यात लिहायचं म्हणजे विजेचे कण एका अतिपातळ आवरणातून पलीकडे ढकलायचे, पुसायचं म्हणजे ते परत ओढायचे. दर वेळी आवरण थोडं झिजतं. वाचताना ही ढकलाढकल नसते, म्हणून वाचण्याने फारशी झीज नाही. स्वस्त पेनड्राइव्हच्या पेशी साधारण काही शे ते काही हजार वेळा हे सोसतात. काही जागा राखीव ठेवलेल्या असतात, झिजलेल्यांच्या बदली त्या लावल्या जातात. राखीव जागा संपल्या की आतला नियंत्रक बऱ्याचदा ठरवतो, आता नवीन काही घ्यायचं नाही, जे आहे तेवढं सांभाळायचं. मला हा निर्णय फार समंजस वाटतो. साठी उलटल्यावर इतकं भान सगळ्यांनाच राहिलं तर कितीतरी संस्थांच्या निवडणुका शांततेत पार पडतील.

मध्येच ओढून काढण्याचा विषय निघणारच. 'सेफली रिमूव्ह' न करता काढला म्हणून खराब झाला, असा आरोप घरात ज्याच्यावर करायचा त्याच्यावर होतो. खरं तर २०१८ च्या विंडोज १० पासून मूळ सेटिंगच अशी आहे की लिहिणं चालू नसेल तर पेनड्राइव्ह तसाच काढला तरी चालतं. घोळ 'लिहिणं चालू नसेल तर' या अटीत आहे. हिरवी पट्टी ९९ टक्क्यांवर थांबते आणि 'पाच सेकंद उरले' हे वाक्य चहा होईपर्यंत तसंच राहतं. त्यात एखाद्याचा संयम सुटतो. अर्धवट लिहिलेल्या नोंदींमुळे मग पुढच्या वेळी ड्राइव्ह कुरकुरतो. 'स्कॅन अँड फिक्स' विचारतो, तेव्हा हो म्हणावं. लोक ती पाटीसुद्धा फुलीवर टिचकी मारून घालवतात.

इतकी चर्चा आपण न घेणाऱ्याची केली. मला भीती वाटते ती सगळं घेणाऱ्याची. फुटपाथवर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारा दोन टीबीचा पेनड्राइव्ह लावा. कॉम्प्युटर दोन टीबीच दाखवतो. कितीही भरा, घेतो. कुरकुर नाही, पाटी नाही, एरर नाही. आत असते ३२ किंवा ६४ जीबीची चिप आणि खोटा आकडा सांगायला शिकवलेला नियंत्रक. खरी जागा संपली की तो जुन्यावर नवं लिहितो किंवा आलेलं सरळ सोडून देतो, आणि वर सगळं व्यवस्थित पोचल्याची पावती देतो. नावं दिसतात, आकार दिसतात, उघडायला गेलं की आत काही नाही. विकत घेतल्यावर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं फुकट मिळणारं साधन त्यावर चालवा. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतं, पुन्हा वाचून बघतं आणि खरं किती मावतं ते सांगतं. वेळ खूप खातं, तेवढं मात्र सोसावं लागतं. ज्याने 'नाही' म्हटलं त्याच्यावर आपण खोडरबर घासत बसतो आणि जो प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणतो त्याच्या भरवशावर लग्नाचा अल्बम सोपवतो.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. तुमच्या ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह नवीन फाइल घ्यायला नकार देत असेल, पण जुन्या दाखवत असेल, तर आत आहे ते आज रात्रीच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. फॉरमॅट, डिस्कपार्ट, खोडरबर, फुंकर हे सगळं उद्याही करता येईल. आणि हे काम झेरॉक्सच्या दुकानात जाऊन करू नका.